तीळ

बेटावर दुकान एक, धक्का एक,
शाळा एक. चौतीस मुलं.
चौतीस ताटं, ती माझ्याकडे.

कामावर घेतलं तेव्हा मिसेस मॅकफीने कागद पुढे सरकवला.
शाळेत कळेल ते शाळेतच.
पालकांशी बोलायचं ते वर्गशिक्षिकेने,
ठरल्या वेळी, दार लावून.
मी हसले. मी सूप ढवळणार बाई,
मला काय कळणार?
"सगळ्यात आधी तुलाच कळेल, पेगी-ॲन."
सही केली. कागदाला पिठाचा अंगठा लागला.

खरंच होतं तिचं.
परत आलेलं ताट बोलतं.
कुणाच्या घरी रात्री आवाज चढले
ते वाटाण्यांवरून कळतं, एका बाजूला लोटलेल्या.
सोमवारी दोनदा कोण वाढून घेतं,
तेही.

टॉरमॉड, साडेसात वर्षांचा.
तीळ लावलेले पाव होते त्या दिवशी,
एक तोंडात, दोन स्वेटरच्या आत.
शुक्रवारी तीन.
मी ट्रे पुसत होते.
मी पाहिलं, ते त्याने पाहिलं.
"कुणाला सांगू नकोस हं.
एलीसाठी आहेत. ती अजून शाळेत येत नाही."

नाही रे सांगत,
अगदी ओठांवर आलं होतं.
पण कागदात खाली बारीक अक्षरांत तेही होतं:
मुलाला असलं वचन देऊ नये.
ओल्या हातांनीच मी गुडघ्यांवर बसले.
"कुणालाच नाही, असं नाही म्हणता येणार मला.
एकीला सांगेन.
जिला सांगितल्याने पाव वाढतील, तिला."

त्याने तिन्ही पाव काढले, ट्रेवर परत ठेवले.
एकाशेजारी एक.
ते मी पिशवीत भरून त्याच्या दप्तरात घातले
तेव्हा तो भिंतीकडे बघत होता.

मिसेस मॅकफीला दोन वाक्यांत सांगितलं.
दिसलं तेवढं. वाटलं ते नाही.
तिने तारीख लिहिली, वेळ लिहिली,
कपाटाला किल्ली.
पुढे काय झालं ते विचारायचं नसतं.
ते मला कुणी लिहून दिलं नव्हतं,
तिच्या पाठीवरून कळलं.

शनिवारी दुकानात चर्स्टी, माझी नणंद,
जिच्या तोंडात तीळ भिजत नाही,
बटाट्यांच्या पोत्यांआडून:
"शोनाच्या दारात शाळेची गाडी होती म्हणे?
नवरा तेलाच्या फलाटावर गेला तो आलाच नाही, खरं का?
तू तर आतली."
"बटाट्यांना कोंब आलेत," मी म्हटलं.

तीन रविवार ती चर्चमध्ये माझ्याच बाकावर बसली,
मध्ये दोन माणसांची जागा सोडून.
नवरा म्हणाला, सख्खी बहीण माझी,
तिला एवढं सांगितलं असतंस तर काय झालं असतं?
मग त्याच्या लक्षात आलं
की आपल्यालाही सांगितलेलं नाही.
चहा निवला.

नोव्हेंबरात बोट तीन दिवस लागली नाही.
चौथ्या दिवशी धक्क्यावर शोना,
कडेवर एली, अंगात नवा कोट.
"तूच ना ती?"
हो म्हणावं तर फुटतं. नाही म्हणावं तर खोटं.
"मिसेस मॅकफीशी बोल, शोना."
"बोलले. चार वेळा. तिनेही नाव घेतलं नाही."
ती समुद्राकडे बघत राहिली.
शिवी येईल म्हणून मी पदरचं बळ एकवटलं.
"मी जेवत नव्हते ते त्याला कळत नसेल,
असं वाटायचं मला," ती म्हणाली.
बोटीचा भोंगा वाजला.
हे कुणाला सांगायचं, कागदात नव्हतं.
पोटात ठेवलं.

जानेवारीत पुन्हा तेच पाव.
टॉरमॉडने एक घेतला. एकच.
आणि बसल्या बसल्या नखाने
एकेक तीळ काढून ताटाच्या काठावर रांग लावली.
तीळ आवडत नाहीत त्याला.
कधीच आवडत नव्हते.
हे सांगितलं तर चालत असावं.